शेऱ्याचा रकाना

मित्रांनो, ‘सिस्टीममध्ये अडकलंय’ हे वाक्य तुम्ही कधी ऐकलंय का? बँकेत, रेशनच्या दुकानात, दाखल्याच्या खिडकीपाशी? ऐकलंच असणार. ते कानावर पडलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. कारण ज्या सिस्टीमच्या नावाने बोटं मोडतात ती म्हणजे मी. मी एक जुनी यादी आहे, पंधरा वर्षांची. माझ्यात आजवर आपणहून काहीही अडकलेलं नाही. जे अडकलं ते माणसांनी अडकवलं, आणि त्यापायी एका माणसाचा डोळा अधू झाला. तेव्हाही खापर माझ्याच माथी फोडलं गेलं. म्हणून आज मी जरा तावातावाने बोलणार आहे. राग मानू नका.

माझा जन्म १९९९ सालच्या जूनमध्ये, गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरच्या एका राइस मिलमध्ये झाला. उसना तांदूळ काढणारी मिल होती ती. धान आधी वाफवायचं, सुकवायचं आणि मग भरडायचं. वाफेसाठी मोठा बॉयलर होता. त्याआधी मिलमधली सारी खरेदी तोंडी चालायची. मशीनचा पट्टा कुठून आणायचा हे एकाला माहीत, बारदाना म्हणजे रिकामी पोती कुठे उतरवायची हे दुसऱ्याला. तो दुसरा लग्नाला गेला की ट्रक दोन दिवस फाटकाबाहेर उभा राहायचा.

ही बजबजपुरी पाहून मॅनेजर ईश्वरदास कापगते वैतागले. सगळे त्यांना बाबूजी म्हणत. अर्जुनी मोरगावकडचे, तलाव बांधणाऱ्या घराण्यातले, उंच, सडसडीत, खोटं खपवून न घेणारे. त्यांनी स्टोअरमध्ये नुकत्याच लागलेल्या भूमेश्वरी रहांगडाले हिला बोलावलं आणि लाल कापडी बांधणीचं एक जाड रजिस्टर तिच्यापुढे ठेवलं. ती तेव्हा बावीस वर्षांची होती. तिने पट्टी घेऊन सहा रकाने आखले. वस्तू, मोजमाप, कोणाकडून घ्यायची, कुठे उतरवायची, मंजुरी कोणाची, आणि शेवटी शेरा. झाले, मी जन्मले! तिचं अक्षर इतकं टपोरं की दुसऱ्या टेबलावरचा माणूसही मला वाचू शकायचा.

बॉयलरच्या ओळीशी आल्यावर बाबूजी म्हणाले, “इथं माझं नाव लिही. बॉयलरचा सामान माझ्या सहीबिगर मांगवाचा नाई. अन् सहीसाठी माझ्यापाशी एका दिवसाच्या वर ठेवाचा नाई.”

“एक दिवस कायले, बाबूजी?” भूमेश्वरीने विचारलं.

“बॉयलर कोनाची वाट पाहत नाई, बाई.”

मग त्यांनी तिच्या हातातला पेन घेतला आणि आपल्या नावासमोर, शेऱ्याच्या रकान्यात, स्वतःच्या हाताने एक वाक्य लिहिलं. ते वाचून भूमेश्वरी आधी दचकली आणि मग हसली. ते वाक्य मी तुम्हाला नंतर सांगेन. ज्या दिवशी ते कामी आलं, त्या दिवशीच सांगेन.

बाबूजींची एक रीत होती. त्यांच्या गावात पावसाळा तोंडावर आला की सारा गाव तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, चालत जायचा. कुठे उंदराने बीळ केलंय, कुठे माती बसलीय, ते पाहायचं आणि तिथल्या तिथे बुजवायचं. “तलाव एकदा बांधते माणूस. पन राखा लागते दरसाल,” ते म्हणायचे. तीच रीत त्यांनी मला लावली. दर जूनमध्ये एका दुपारी मिल थांबायची. सगळे स्टोअरसमोरच्या शेडमध्ये बसायचे आणि भूमेश्वरी मला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचायची. याने दुकान बंद केलं, खोडा. त्याने काम सोडलं, खोडा. धान सोलायचे रबर रोल नगावर नाही, जोडीवर येतात, दुरुस्त करा. या कामाला सगळे ‘पाळ चालणं’ म्हणायचे. बॉयलरची ओळ बाबूजी स्वतः वाचत, शेऱ्यासकट, आणि दरवर्षी शेडमध्ये हशा पिकायचा. सगळ्यात मोठ्याने हसायचा तो बॉयलरवरचा मंगरू.

ते माझे सुखाचे दिवस होते, मित्रांनो. मला कुणी भरजरी वेष्टन घातलं नव्हतं. चहाचे डाग होते, कडा कुरतडल्या होत्या. पण माझ्यातलं एकही नाव खोटं नव्हतं. बाहेरचे मिलवाले मला पाहायला यायचे आणि “ऐसी लिस्ट हमारे यहाँ भी बना दो” म्हणायचे. भूमेश्वरीला तेव्हा मूठभर मांस चढायचं. मला तर पसाभर चढायचं.

२०१२ साली दिवस फिरले. मिलचे मालक दुलीचंद शेठ यांनी अर्जुनी मोरगावला दुसरी मिल घेतली. दोन्हीकडची खरेदी एकाच ठिकाणाहून दिसावी म्हणून त्यांनी नवं सॉफ्टवेअर आणलं, क्लाऊडवरचं. क्लाऊड म्हणजे ढग, पण मी आभाळात राहायला गेले असं समजू नका. कुठल्यातरी दूरच्या थंडगार खोलीतल्या यंत्रांत मी राहते आणि इंटरनेटवरून फुलचूरच्या पडद्यावर उमटते. समोर पडदा उघडा असला की मला माणसांचं बोलणं ऐकू येतं. तेवढाच माझा जगाशी संबंध.

मला तिथे पोहोचवायला नागपूरहून हेमेंद्र सर आले. गळ्यात पट्टा, हातात दोन फोन. त्यांनी भूमेश्वरीला संगणकावर एक कोरा तक्ता दिला आणि सांगितलं, “ज्या रकान्यावर तारा आहे तो भरायलाच लागेल. बिनताऱ्याचे सोडून दिले तरी चालतील.”

भूमेश्वरीने रजिस्टर उघडून शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. “सर, हा कुठं भरू?”

“शेरा? त्याला इथे जागा नाही, मॅडम. त्याने सिस्टीमला काही फरक पडत नाही.”

ऐका, मित्रांनो! तेरा वर्षं माणसांनी मला जे कानात सांगितलं होतं, ‘हा पावसाळ्यात माल देत नाही’, ‘याच्याकडचा वॉशर मोजून घ्या’, ‘ही वस्तू शेडमधल्या सुलोचनाबाईंना दाखवल्याशिवाय मागवू नका’, ते सगळं एका दुपारी गळून पडलं. का? तर त्यावर तारा नव्हता. ‘मंजूर करणारा हजर नसल्यास वरचा कोण’ असाही एक रकाना नव्या तक्त्यात होता. फार चांगला रकाना. पण त्यावरही तारा नव्हता, म्हणून हेमेंद्र सरांच्या सांगण्यावरून तोही कोराच राहिला. तीनशे ओळी संध्याकाळच्या गाडीआधी चढवायच्या होत्या ना!

वर आणखी एक झालं. मला दुरुस्त करण्याचा अधिकार भूमेश्वरीकडून काढून नागपूरला नेला. ती आता मला फक्त पाहू शकत होती. जिने मला आखलं, तिला माझ्यातली एक वेलांटी बदलायची तर नागपूरला विनंती पाठवावी लागायची. जून आला तेव्हा तिने पाळ चालायची आठवण केली. शेठ हसले. “अरे, अब तो सब ऑटोमेटिक है,” म्हणाले. त्यांना वाटलं, क्लाऊडवर गेलेली यादी आपली आपण शहाणी होते.

होत नाही हो! दुसऱ्याच वर्षी त्याचा नमुना दिसला. नागऱ्याला मिलचं एक गोदाम होतं, ते कधीच सोडून दिलं होतं. पण माझ्यातलं ते ठिकाण कुणी बंद केलं नाही. रबर रोलांनी भरलेली गाडी सरळ नागऱ्याला गेली आणि ड्रायव्हर कुलूपबंद फाटकासमोर दिवसभर बसून राहिला. शेवटी तो शंकराच्या देवळात दर्शन घेऊन झाडाखाली झोपला. मिलमध्ये मात्र सगळे म्हणाले, “सिस्टीमने चुकीचा पत्ता दिला.” मी चुकीचा दिला? तुम्ही जो ठेवलात तोच मी दिला. माझ्या पोटात दुसरा होता कुठे? तेव्हा हसण्यावारी नेलं म्हणून मीही गप्प बसले.

आणि मग त्याच वर्षी, दिवाळी संपता संपता, बाबूजी गेले. सकाळी अंगणात खुर्चीवर बसले होते, तिथेच मान कलली. मिल एक दिवस बंद राहिली. ऑफिसच्या भिंतीवर त्यांचा फोटो लागला आणि त्याला रोज ताजा हार घातला जाऊ लागला.

भूमेश्वरीला शेरा पाठ होता. चौथ्या दिवशी ती शेठकडे गेली आणि म्हणाली, “शेठजी, बॉयलरच्या मंजुरीत अजून बाबूजींचं नाव आहे. काढायला नागपूरला लिहून द्या.”

शेठचे डोळे भरून आले. वाईट माणूस नव्हता तो. “भूमेश्वरी, अभी तेरहवीं भी नहीं हुई. इतने साल का साथ था. नाम काटने की इतनी जल्दी है तेरेको?”

ती ओशाळली. खाली मान घालून परतली. तेरवी झाल्यावर तिने हेमेंद्र सरांना फोन केला. ते म्हणाले, “शेठजींचं लेखी पाठवा. आणि एवढी काळजी कशाला? मंजूर करणाऱ्याने उत्तर दिलं नाही तर विनंती आपोआप वरच्याकडे जाते.” कोण वरचा? तो रकाना तर कोरा होता! पण तिला आता तो रकाना कुठे उघडता येत होता? तिने विश्वास ठेवला. दुसऱ्यांदा शेठपुढे जाऊन मेलेल्या माणसाचं नाव काढण्याची गोष्ट करायचा तिला धीर झाला नाही. माझा तिच्यावर जीव आहे, तरी सांगते, तिथे ती चुकली.

मी तरी कुठे वेगळी होते? पहिल्या दिवसापासून ते नाव माझ्या अंगावर होतं. ते पुसलं जाऊ नये असं मलाही वाटत होतं.

जानेवारी २०१४. बॉयलरवर पाण्याची पातळी दाखवणाऱ्या दोन काचेच्या नळ्या असतात. आत पाणी किती आहे ते त्यांतूनच कळतं. कमी झालं आणि कळलं नाही, तर बॉयलर फुटतो. त्यांतली एक नळी तडकली. मंगरूने तिच्या तोट्या बंद केल्या. दुसरीवर क्षार चढून ती धुरकट झाली होती. मिलमध्ये शिल्लक नळी नव्हती. तो स्टोअरमध्ये आला.

“बाई, काच मांगवून द्या. एकच राह्यली, तेही आंधरी होऊन राहिली.”

भूमेश्वरीने तिथल्या तिथे विनंती भरली. पडद्यावर हिरवी खूण आली, ‘मंजुरीसाठी पाठवली’. मी ती पाठवली. जिथे पाठवायला मला सांगितलं होतं तिथेच, ईश्वरदास कापगते यांच्या नावाने.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना आठवण पाठवली. तिसऱ्या दिवशीही. मला तसं शिकवलं होतं. ते गेले हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पडद्यासमोर बायका रडल्या ते मी ऐकलं होतं. पण यादीला ठाऊक असून भागत नाही, तिच्यात लिहावं लागतं.

“बाई, काच आली का वो?” मंगरू दोन दिवसांआड विचारायचा.

“पाठवली आहे मंगरूभाऊ. येऊनच राहिली.”

भूमेश्वरीने शेठना एकदा विचारलंही. ते म्हणाले, “मेरे पास आएगा तो उसी वक्त कर दूँगा.” त्यांच्याकडे काही येतच नव्हतं, तर करणार काय? तीच नळी गोंदियाच्या बाजारात दहा दुकानांत मिळत होती. पण मंजुरीशिवाय आलेला माल फाटकातून आत घ्यायचा नाही, असा नवा नियम होता. एकदा मंगरू स्वतः नळी आणायला निघाला, तर फाटकावरच्या माणसाने त्याला नियम दाखवून परत पाठवलं. हिरवी खूण मात्र पडद्यावर चमकत होती. सगळ्यांना वाटत होतं, काम चालू आहे.

तेवीस आठवणी गेल्या. चोविसाव्या दिवशी, भर दुपारी, शेडमध्ये बायका धान पसरत असताना ती धुरकट नळी फुटली. उकळतं पाणी आणि काचा मंगरूच्या तोंडावर आल्या. माणूस अशा वेळी पळतो. मंगरू पळाला नाही. भाजलेल्या हाताने त्याने चाचपडत तोट्या बंद केल्या, भट्टीतला जाळ खाली ओढला आणि मगच तो बाहेर येऊन जमिनीवर बसला. शेडमधल्या बायका धडधाकट घरी गेल्या त्या त्याच्यामुळे. त्याला नागपूरला नेलं. हात बरा झाला. डावा डोळा वाचला, पण त्याने आता त्या नळीसारखंच धुरकट दिसतं.

आठवड्याने ऑफिसात चौकशी बसली. सरकारच्या बॉयलर खात्याचे साहेब आले होते. शेठ हात जोडून म्हणाले, “साहब, किसी आदमी की गलती नहीं है. रिक्वेस्ट सिस्टम में अटक गई थी.” नागपूरहून आलेल्या हेमेंद्र सरांनी मान डोलावली. साहेबांनी कागदावर लिहूनही घेतलं. चोर सोडून संन्याशाला फाशी! मला तोंड असतं तर त्या पडद्यातून मी किंचाळले असते. वर भिंतीवर ताजा हार घातलेले बाबूजी, खाली माझ्यात त्यांच्या नावावर पडून असलेली मंगरूची विनंती, आणि मध्ये बसून ही शहाणी माणसं यंत्राला दोष देत होती.

तेवढ्यात भूमेश्वरी उठली आणि बाहेर गेली. परतली तेव्हा तिच्या हातात माझं जुनं शरीर होतं, ते लाल रजिस्टर. दीड वर्ष ते स्टोअरमध्ये पाण्याच्या माठाखाली पडलं होतं. कव्हरवर माठाचा ओला गोल उमटला होता. तिने पान उघडून ते शेठपुढे ठेवलं.

“वाचा, शेठजी.”

“क्या है ये?”

“बाबूजींच्या हातचं आहे. तुम्ही दरसाल ऐकून हसत होते. आज तुम्हीच वाचा.”

शेठनी चष्मा लावला. अडखळत, आपल्या मोडक्या मराठीत त्यांनी वाचलं, “‘मी मेलो तर त्याच दिवशी ही ओळ खोडा. हार मग घाला.’”

शेठनी ते पुन्हा वाचलं, मनातल्या मनात. मग चष्मा काढून भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं.

“मी मान खाली घालून परत आले, ते माझं चुकलं,” भूमेश्वरी म्हणाली. “पण साहेब, सिस्टीममध्ये अडकलं असं लिहू नका. ते आमच्या सगळ्यांपाशी अडकलं. असं लिहा.”

साहेबांनी आधीची ओळ खोडली. माझ्यासाठी कुणीतरी काही खोडलं, ते बऱ्याच काळाने.

त्याच बैठकीत बाबूजींचं नाव माझ्या अंगावरून गेलं. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात ते हेच. मला दुखलं, खूप दुखलं. पण मंगरूच्या डोळ्यापुढे माझं दुखणं कसलं? भूमेश्वरीने मला दुरुस्त करण्याचा अधिकार परत मागून घेतला. ‘वरचा कोण’ हा कोरा रकाना प्रत्येक ओळीत भरून घेतला. मग तिने शेऱ्यासाठी जागा मागितली. हेमेंद्र सरांनी इकडेतिकडे दाबून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. जागा होती. पहिल्या दिवसापासून होती. फक्त झाकून ठेवली होती, कारण कुणाला लागेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

त्या जूनमध्ये मिल पुन्हा एका दुपारी थांबली. शेडमध्ये सगळे बसले, शेठसुद्धा. भूमेश्वरी पडद्यावरून मला वाचू लागली. बॉयलरच्या ओळीशी आली. मंजुरी, भूमेश्वरी रहांगडाले. वरचा, दुलीचंद शेठ. शेरा, मी मेले तर त्याच दिवशी ही ओळ खोडा, हार मग घाला. या वेळी कुणी हसलं नाही. पुढे बसलेला मंगरू एक डोळा बारीक करून म्हणाला, “बाई, अजून एक डाव वाचा.” तिने वाचलं.

मित्रांनो, मला फुलं नकोत आणि माझी पूजाही नको. वर्षातून एकदा मला मोठ्याने वाचा आणि जे खरं राहिलं नाही ते काढून टाका. कितीही जिव्हाळ्याचं असलं तरी काढा. आणि उद्या कुठल्या खिडकीपाशी कुणी तुम्हाला ‘सिस्टीममध्ये अडकलंय’ असं सांगितलं, तर घरी परत फिरू नका. कोणाच्या नावापाशी अडकलंय ते विचारा. तो माणूस अजून आहे का, तेही विचारा.